लेंडीचा पूल

जालना,
२ जून २०२५

प्रिय अक्कास,

संघपालचा सप्रेम जय भीम.

मी इथं बरा आहे. तू, पायल, रामकिसनबाबा आणि गिरिजाआत्या कसे आहात ते कळव. रोज फोन लावून राह्यलो, पण तू उचलत नाहीस. पायलनं एकदा उचलला आणि "आई अंगणवाडीत गेली" म्हणून ठेवून दिला. मागून तुझा आवाज येत होता. राग नाही. आज लिहायलाच बसलो.

उद्या दाजींना जाऊन दोन महिने होतील. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी जेवायला थांबलो नाही, हे तुला लागलं असेल. शेवटची बस निघून जाईल असं मी म्हणालो होतो.

इथं ऊन अजून मरणाचं आहे. घरमालकानं गच्चीवर हिरवी जाळी बांधली, त्यानं खोली थोडी सुसह्य झाली. ऑफिसात काम भरपूर आहे. आमचं काम तुला माहीतच आहे: अपघाताच्या सरकारी नोंदी, ज्या आता कुणालाही बघायला खुल्या आहेत, त्या मशिनला शिकवायच्या, रस्त्याची रुंदी, वळणं, शाळा, ढाबे, बाजाराचे दिवस, सगळं त्याला द्यायचं आणि पुढं कुठं माणूस मरू शकतो ते त्याच्याकडून आधीच वदवून घ्यायचं. आता आणखी चार जिल्हे हेच मागून राह्यलेत. आमचे प्रमुख कल्याण सर फार खूश आहेत.

गिरिजाआत्यांच्या गुडघ्याचं तेल पाठवतोय. रामकिसनबाबांना म्हणावं, दुकान विकायची घाई करू नका. दाजींच्या हातचं मोटरी वायंडिंगचं मशीन पुन्हा मिळायचं नाही.

अक्का, गिरिजाआत्या काय बोलतात ते पायलनं मला सांगितलं. त्या दिवशी सकाळी तुमचं भांडण झालं, दाजी न जेवता निघाले, म्हणून त्यांचं ध्यान गाडीवर नव्हतं, असं त्या म्हणतात ना? तू ते मनाला लावून घेऊ नकोस. दोन माणसांच्या घरात भांडण होतंच. त्यानं कुणी मरत नाही. त्या पुलावर तर

जाऊ दे. रस्ता वाईटच आहे तो.

पायलला माझ्याकडं शिकायला पाठवायचं मनात असेल तर खोलीत जागा आहे. पाऊस पडून तुमच्याकडं पेरण्या सुरू झाल्या की एखाद्या रविवारी येईन.

तुझा भाऊ,
संघपाल


टेंभुरवाडी,
१६ जून २०२५

संघपाल,

जय भीम. पत्र मिळालं. तेल मिळालं.

पायलला मी तुझ्याकडं धाडणार न्हाई. त्या दिवशीचं भांडण त्याच्यावरूनच झाल्तं. हे म्हणत व्हते, "पोरीला जालन्याला मामाकडं ठेवू, तिथं शाळा चांगलीय." मी म्हणले, एकच लेकरू हाये, मला घर खायला उठंल. हे ताटावरून उठले. पाच एचपीची मोटर गाडीवर मागं बांधली आन गेले. साडेधाला वाटूरकडच्या एका वावरात पोचवायची व्हती. पावणेआकराला गावातले शिवाजीभाऊ पळत सांगायला आले.

आत्याबाई मला तोंडावर बोलत न्हाईत. भाकरी थापताना भिंतीला सांगतेत. "उपाशी लेक गेला माझा." मी आयकून घेते, कारण मलाबी तेच वाटतं. दोन महिने झाले, मी भाकरी मोडली की मला ह्यांचं टाकलेलं ताट दिसतं.

पोलिसांचा कागद तू वाचला का? मी वाचला. "मयत हा आपल्या ताब्यातील मोटारसायकल हयगयीने व भरधाव वेगात चालवून स्वतःच्या मरणास स्वतःच कारणीभूत झाला." ह्यांना धडकलेल्या टिप्परवाल्याच्या सांगण्यावरून लिवलंय. पन्नास किलोची मोटर मागं बांधलेला माणूस भरधाव कसा जाईल? हे मी कुणाला इचारू? जो मेला त्याच्यावरच गुन्हा. आन जागा कुठली लिवलीय? "टेंभुरवाडी फाटा." फाट्यावर ह्यांचं दुकान हाये. मरण लेंडीच्या पुलावर आलं. दीड किलोमीटरचं अंतर हाये मधी.

आता ज्याच्यासाठी लिवून राह्यले ते आयक.

गेल्या बुधवारी रामकिसनमामा आन मी दुकान साफ करायला गेल्तो. तांब्याच्या तारेचं खोकं येतं ना, त्याच्या पुठ्ठ्यावर ह्यांनी बॉलपेननं नावं लिवलेली सापडली. आकरा नावं. परत्येकाच्या पुढं साल, महिना, गाडी कोणची व्हती, कुठून कुठं चालला व्हता. सगळे पुलावरचे, कुणी मेलेले, कुणी हातपाय गमावलेले. वर लिवलंय: "संघपालसाठी. जयंतीला आला की देणे."

मामा म्हणले, आसंल काहीतरी कामाचं. मी पुठ्ठा घरी आणला. पण संघपाल, मी तुला हातावर वाढवलं. माय गेली तवा तू सात वर्सांचा व्हता. तू खोटं बोलतो तवा जादा बोलतो, आन बोलता बोलता मधीच थांबतो. तुझ्या पत्रात एक वाक्य अर्धं हाये.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी शेवटच्या बसला आजून तीन तास व्हते.

ही नावं तू मागितल्ती का? कधी? आन मागितल्ती तर मंग पुलावर काही का झालं न्हाई, आन फेब्रुवारीत रस्त्याचे दिवे फाट्यावर का लागले?

जे खरं आसंल ते लिवून पाठव. फोनवर नको. फोनवर तू रडशील आन मला तुलाच समजवावं लागंल.

वंदना


जालना,
२९ जून २०२५

अक्का,

तुझं पत्र येऊन नऊ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण काही गोष्टी आधी करायच्या होत्या. त्या केल्याशिवाय लिहिलं असतं तर ते पत्रही पहिल्यासारखंच झालं असतं.

नावं मी मागितली होती.

पायलच्या वाढदिवसाला, सहा जानेवारीला, मी आलो होतो, आठवतं ना? जेवणं झाल्यावर दाजींच्या दुकानात जाऊन बसलो. लॅपटॉप उघडून त्यांना मशिनचा नकाशा दाखवला. जिल्ह्यातले सगळे रस्ते, त्यावर लाल ठिपके, एकेक ठिपका म्हणजे एक अपघात. टेंभुरवाडी फाट्यावर आकरा ठिपके होते, एकावर एक. मी त्यांना म्हणालो, "दाजी, तुमचं दुकान जिल्ह्यातल्या सगळ्यांत धोक्याच्या जागेवर आहे बघा."

ते हसले. मला म्हणाले, "येडा झाला का? फाट्यावर कोण मरतंय? इथं तर टपऱ्या, रिक्षा, म्हशी. गाड्या बैलावानी चालतेत. बारा वर्सं बसून राह्यलो मी इथं, एक माणूस मेलेला पाह्यला न्हाई. माणसं मरतेत लेंडीच्या पुलावर. रस्ता रुंद केला, पूल तेवढाच ठेवला. दोन्हीकडून येणाऱ्याला वाटतं जागा हाये, आन पुलावर आलं की जागा सरती. एका अंगाला कठडाबी न्हाई."

मग त्यांनी नावं घेतली. बोटावर मोजत. मी विचारलं, हे ठिपके फाट्यावर कसे आले मग? ते म्हणाले, "अपघात झाला की गाड्या उचलून फाट्याच्या मोकळ्या जागेत आणतेत. कागद भरणारा माणूस तिथंच लिंबाखाली बसून मोबाईलमधी माहिती भरतो. मोबाईल जिथं आसंल तिथलीच जागा पडत आसंल." एवढी साधी गोष्ट. आमच्या ऑफिसात सात जण इंजिनिअर आहोत, एकाच्याही डोक्यात आली नाही. मी त्यांना म्हणालो, "दाजी, तारखेसकट लिहून ठेवा, मी घेऊन जाईन."

अक्का, तेव्हा मी मनापासून म्हणालो होतो.

बारा जानेवारीला ऑफिसात कुणी नसताना मी ते आकरा ठिपके उचलून पुलावर ठेवले आणि मशीन पुन्हा चालवलं. लेंडीचा पूल जिल्ह्यात दुसऱ्या नंबरवर आला. फाटा शंभराच्याही खाली गेला. दाजी बरोबर होते.

मला तिथंच आनंद व्हायला पाहिजे होता. पण मी भ्यालो. एक जागा चुकली तर बाकीच्यांचं काय? मी जिल्ह्यातल्या दुसऱ्या कुठल्याही वीस नोंदी काढल्या, त्यांचे पंचनामे मागवून वाचले. सात चुकीच्या जागी होत्या. विसात सात! म्हणजे आम्ही मशिनला जे शिकवलं ते माणूस कुठं मरतो हे नव्हतंच, कागद कुठं भरतात ते होतं. सगळं दुरुस्त करायचं तर साडेआठशे पंचनामे हातानं वाचावे लागणार, चार महिने लागणार. आणि वीस तारखेला जिल्ह्याच्या समितीपुढं आम्हाला यादी मांडायची होती. पहिल्या दहा जागांवर लगेच काम होणार होतं. मशिनचं भाकीत शंभरात चौऱ्याऐंशी वेळा खरं ठरतं, असं आम्ही आधीच सगळीकडं सांगून बसलो होतो. माझी नोकरी कायम व्हायची होती ती त्याच्यावरच.

मी ते काम एका फाइलमध्ये ठेवलं. फाइलला नाव दिलं "नंतर". आणि ठिपके होते तिथं, फाट्यावर, परत ठेवून दिले.

कल्याण सरांना मी काही सांगितलं नाही. कुणालाच नाही. कुणी मला दाबलं नाही, धमकावलं नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण तू माझी बाजू घेण्यासाठी दोष द्यायला दुसरा कुणीतरी शोधशील. तसा कुणी नाही.

वीस जानेवारीला टाळ्या पडल्या. पेपरात फोटो आला. ते कात्रण तू अंगणवाडीच्या भिंतीला लावलंस, पोरांच्या आयांना दाखवलंस, "हा माझा भाऊ" म्हणून.

फेब्रुवारीत फाट्यावर दिवे बसले, पट्टे मारले. त्याच दिवशी दाजींचा फोन आला. आवाजात राग नव्हता, गोंधळ होता. म्हणाले, "भाऊ, दिवे इथं का रे लागले? माझ्या दुकानापुढं? पूल राह्यला की."

मी म्हणालो, "दाजी, पुढच्या टप्प्यात पूल आहे."

पुढचा टप्पा नव्हताच, अक्का. असा काही टप्पा कुठल्या कागदावर नव्हता. ते म्हणाले, "मंग ठीक हाये. यादी लिवून ठेवली मी. जयंतीला ये." आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. हे आमचं शेवटचं बोलणं.

तीन एप्रिलला काय झालं ते तुला माहीत आहे. तुला जे माहीत नाही ते सांगतो. दाजींची गाडीही उचलून फाट्यावर आणली, माहिती तिथंच भरली. आमच्या नकाशावर दाजी स्वतःच्या दुकानासमोर मेलेत. तिथं आधीच्या आकरा ठिपक्यांवर बारावा ठिपका पडला. एप्रिलच्या शेवटी आढावा झाला. मशिननं फाटा धोक्याचा म्हणून सांगितला होता आणि फाट्यावर अपघात झाला, म्हणजे भाकीत खरं ठरलं. अचूकता चौऱ्याऐंशीची पंच्याऐंशी झाली. पडद्यावर तो ठिपका मोठा करून दाखवला. मी खुर्चीत बसलो होतो. त्याही वेळी मी तोंड उघडलं नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर परत येऊन तिथंच बसलो.

पुण्यानुमोदनाला तुझ्याकडं बघता आलं नाही ते यासाठी. आणि बसची सबब सांगून न जेवता निघालो तेही यासाठीच.

तुझं पत्र आलं त्याच्या तिसऱ्या दिवशी मी "नंतर" उघडली. मग गावोगाव फिरलो. दाजींनी तोंडी सांगितलेली नावं माझ्या मोबाईलमध्ये होती. आकरापैकी नऊ घरं सापडली. केदारखेड्याच्या एका बाईनं मला दारातच विचारलं, "आता काय लिवून घ्यायला आलाव? तीन वर्सं झाली." तरी तिनं चहा केला. तिचा मुलगा पुलावरच गेला होता. तिच्या कागदावरही फाटाच लिहिलेला आहे. नऊही घरांनी सही केली, अंगठा दिला. सगळ्यांचं म्हणणं एकच: लेंडीचा पूल.

गुरुवारी ते सगळं घेऊन मी कल्याण सरांपुढं ठेवलं. कागद चाळता चाळता त्यांना जानेवारीची तारीख दिसली. मग म्हणाले, "तुला जानेवारीपासून माहीत होतं?" मी हो म्हणालो. त्यांनी कागद खाली ठेवले. म्हणाले, "संघपाल, चार जिल्ह्यांना हेच द्यायला निघालो होतो आपण." त्यांना खरंच माहीत नव्हतं. थोड्या वेळानं उठून दार लावून घेतलं आणि म्हणाले, "घरातलं दुःख आहे तुझं. सुट्टी घे. आपण गुपचूप दुरुस्त करू. लेखी मात्र काही देऊ नको."

मी लेखी दिलं. समितीला दिलं, आणि आतापर्यंत दुरुस्त केलेली नोंद, पंचनाम्यांच्या नकलांसकट, मूळ नोंदी जिथं खुल्या आहेत तिथंच कुणालाही दिसेल अशी ठेवली. त्यात जानेवारीची ती फाइलही आहे, तारखेसकट. आता ती झाकता येणार नाही. मलाही नाही. शुक्रवारी ऑफिसातून निरोप आला, सोमवारपासून येऊ नका.

हे मी काही मोठेपणा म्हणून सांगत नाही. जानेवारीत केलं असतं तर ते काम होतं. आता फक्त कबुली आहे.

पूल जानेवारीत यादीत आला असता तर एप्रिलपर्यंत रुंद झाला नसता, हे मला माहीत आहे. पण एवढे दिवे, पट्टे, "अरुंद पूल" अशी पाटी, एका अंगाला कठडा, एवढं झालं असतं. फाट्यावर सतरा दिवसांत झालंच ना. टिप्परवाल्यानं वेग कमी केला असता का? असता, असं मला वाटतं. खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही, आणि ती खात्री नसण्याच्या आड मला लपायचं नाही.

दाजी उपाशी होते म्हणून मेले नाहीत. तू भांडलीस म्हणून मेले नाहीत. भरधाव होते म्हणूनही नाहीत. त्यांच्या आधी आकरा माणसं तिथं पडली, ती सगळी काय घरून भांडून निघाली होती? गिरिजाआत्यांना हे पत्र वाचून दाखव. त्यांना जे बोलायचं ते भिंतीला नको, मला बोलू दे.

जालन्यात वकील आहेत, त्यांच्याशी बोललो. मेलेल्यावरचा गुन्हा काढून पुन्हा तपास व्हावा, असा अर्ज तुझ्या नावानं करता येतो. त्याला हे पत्र जोडता येईल. म्हणून खाली पूर्ण नाव लिहितो. माफी मागत नाही. ती मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

संघपाल भीमराव वाहुळ
(वय २७, राहणार जालना. वरील मजकूर मी स्वतःच्या हातानं, कुणाच्याही दबावाशिवाय लिहिला आहे.)


टेंभुरवाडी,
२४ जुलै २०२५

संघपाल,

पत्र वाचलं. एकदा मी वाचलं, एकदा मामांनी. आत्याबाईंना वाचून दाखवलं तर त्या उठून मागच्या अंगणात गेल्या. दिवस मावळल्यावर आल्या आन माझ्या ताटात भाकरी वाढली.

अर्ज दिला. पुठ्ठा आन तुझं पत्र वकिलाकडं हाये.

तुझ्या कागदानंतर दोन साहेब आल्ते. पुलाला टेप लावून रुंदी मोजली, फोटो काढले, गेले. त्याच्यानंतर आठव्या दिवशी सकाळी राधेश्याम भाऊ, दूध घालणारे, तिथंच गेले. बराबर तशेच. दुधाचे कॅन पुलाखालच्या वड्यात पडले व्हते, पाणी पांढरं झाल्तं.

मी अंगणवाडी सोडून गेले. गाडी उचलायला पिकअप आला तर मी पुढं उभी राह्यले. म्हणले, आधी जागा लिवा, इथं उभं राहून लिवा, मंग गाडी न्या. त्यो माणूस म्हणला, "बाई, फाट्यावर बसून भरतो की, इथं ऊन हाये." मी म्हणले, "ऊन मलाबी हाये." मंग गावातल्या बाया आल्या. पुंजाराम सरपंचबी आले. दीड घंटा लागला. त्यानं मोबाईल काढला आन मी शेजारी उभं राहून वाचलं. लेंडी पूल. पहिल्यांदा लिवलं गेलं.

राधेश्याम भाऊची बायको तिथंच बसल्ती. माझ्याकडं बघून म्हणली, "आता लिवून काय?" मी तिच्याजवळ खाली बसले.

तू लिवतो मी दुसरा कुणी शोधीन म्हणून. न्हाई शोधला. तूच हायेस.

घरी येऊ नको आत्ता. मी बोलवीन तवा ये, आन कधी बोलवीन ते मला आज म्हाईत न्हाई. पण तारीख लागली की साक्षीला यायचं. तिथं मधीच थांबायचं न्हाई, पूर्ण बोलायचं.

पायल इचारती मामा का येत न्हाई. तिला मी आजून सांगितलं न्हाई. आकरा वर्सांची हाये, सोळाची झाली की हे पत्र तिच्या हातात देईन. त्या दिवशी तिच्या समोर बसायला तू पायजेस, मी तुझ्यावतीनं बसणार न्हाई.

तवर जीव सांभाळ. रस्त्यानं हळू ये-जा कर.

अक्का